कॅटलॉगमधली लाल रेघ

कॉलेजात हजेरीपटाला हजेरीपट कोणी म्हणत नाही, ‘कॅटलॉग’ म्हणतात. जाड पुठ्ठ्याची लांबट वही, डावीकडे रोल नंबर आणि नावं, उजवीकडे तारखांचे चौकोन. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि एफवायचा कॅटलॉग बहुतेक दर वर्षी माझ्याकडेच आला. जुलैत नावं भरून जायची. ऑगस्ट सरता सरता काही ओळींतले चौकोन ‘अ’ने भरायला लागायचे. गणपती उठले की त्या ओळींत ‘अ’ सोडून दुसरं काही दिसायचं नाही. दिवाळीची सुट्टी संपली की मी पट्टी घ्यायचो आणि त्या ओळींवरून लाल शाईची रेघ ओढायचो, पुढे टक्केवारी काढताना अडचण नको म्हणून. अशा किती रेघा ओढल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. गणिताचा माणूस असून ठेवला नाही.

पहिल्या वर्षात डगमगणाऱ्या विद्यार्थ्यांना कसं धरून ठेवायचं, या विषयावरची ही पुस्तिका ज्या प्राध्यापकांनी मिळून लिहिली आहे त्यांतले दोघे माझ्याच वर्गातले. प्रस्तावना लिहा म्हणून ते घरी आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं की या कामाला मी लायक माणूस नाही, मी रेघा ओढणाऱ्यांपैकी आहे. त्यावर त्यांतला एक म्हणाला, “सर, म्हणूनच तुम्ही लिहा. वाचणारे बहुतेक तुमच्यासारखेच आहेत.” यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पहिली अडचण अशी, की रेघेखाली कोण आहे हे रेघ सांगत नाही. बारावीचा निकाल लागला की पोरं हाताशी असावं म्हणून बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, नर्सिंग यांच्या कॅप राउंड चालूच असतात, काही तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लांबतात. नंबर लागला की ही मुलं ऑफिसात येतात, दाखला काढतात, कधी पेढेही ठेवून जातात. ती गेली, पण शिक्षणातून गेली नाहीत. दुसरी मुलं मात्र काही न बोलता यायची थांबतात. त्यांचा बारावीचा मूळ दाखला ऑफिसच्या फायलीतच राहतो. तो न्यायला यायचं तर राहिलेली फी भरावी लागेल ही धास्ती, किंवा आता तो नेऊन करायचं काय हा प्रश्न. कॅटलॉगमध्ये या दोघांवरची रेघ एकाच रंगाची असते.

हा घोळ तालुक्याच्या कॉलेजापुरताच आहे असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरात सरकारने सांगितलं, की आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी वर्गांतल्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडलं. सोबत खुलासा होता, की विद्यार्थ्यांपुढे बरेच पर्याय असतात, ते संस्था बदलतात, अभ्यासक्रम बदलतात. काही बदलतही असतील. पण किती बदलले आणि किती घरी गेले हे वेगळं काढलं नाही, तर असला खुलासा कुठल्याही आकड्याला चिकटवता येतो. तरी तिथे निदान आकडा आहे. आपल्याकडच्या वरिष्ठ महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला आलेलं मूल डिसेंबरात कुठे आहे, याची नोंद ठेवायला कुठलंही रजिस्टर नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीत महाराष्ट्राचं नोंदणी गुणोत्तर ३५.३ आहे आणि देशाचं २८.४. आपण पुढे आहोत म्हणून छाती फुगते. २०३५पर्यंत देशाला ते ५०वर न्यायचं आहे. पण हे माप आत आलेल्यांचं आहे. दार किती रुंद आहे ते त्यातून कळतं. मागच्या दाराचं माप निघत नाही.

‘गळती’ हा शब्द आपण या बाबतीत सरसकट वापरतो आणि तो कानाला इतका सवयीचा झाला आहे की त्यातली गंमत लक्षात येत नाही. हंडा गळतो तेव्हा आपण हंडा कल्हईवाल्याकडे नेतो, पाण्याला दोष देत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र चौकशी पाण्याचीच होते. बारावीला किती टक्के होते? घरचं वातावरण कसं? मोबाइल किती वापरतो?

या पुस्तिकेत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते दुसरं प्रकरण. त्यात सल्ले नाहीत. जून ते डिसेंबर या महिन्यांत पहिल्या वर्षाच्या मुलावर काय काय येतं, ते तारीखवार मांडलं आहे. एकतीस वर्षं त्या इमारतीत काढूनही यातल्या निम्म्या गोष्टी मला माहीत नव्हत्या. उदाहरणच द्यायचं तर एसटीचा पास. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. ती एफवायला आली की तो बंद. पुढे विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांश भाडं भरायचं. शहरात बसून ही रक्कम किरकोळ वाटेल. पण बारावीपर्यंत घरून शिकायला एक पैसा न मागणारी मुलगी आता दर महिन्याला बापापुढे उभी राहून पैसे मागते. तेही अशा वेळी की घरात तिच्या लग्नाचा विषय कोणीतरी नुकताच काढलेला असतो. तिच्या शिक्षणाला किंमत आहे, हे घराला पहिल्यांदा कळतं ते अशा रीतीने.

मग कागद. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं. महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, तो कॉलेजकडून पुढे जायचा, तिथून समाजकल्याणकडे. एखादी त्रुटी निघाली तर ती पोर्टलवर दिसते, पण पोर्टल पुन्हा उघडून पाहायचं असतं हे मुलाला कोण सांगणार? सायबर कॅफेवाल्याने अर्ज भरून दिला, पावती दिली, काम झालं अशी त्याची समजूत. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांना स्वयम योजना आहे. मोठ्या शहरात स्वाधारमधून वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळते. योजना चांगल्या आहेत, हे मी मनापासून म्हणतो. पण खोलीचं डिपॉझिट जुलैत द्यावं लागतं, मेसवाला महिना सुरू होण्याआधी पैसे मागतो, आणि योजनेचा पैसा त्याच्या सवडीने येतो. पुण्यात ‘कॉट बेसिस’च्या पाट्या वाचत फिरणाऱ्या पोराचं पहिलं सत्र या दोन तारखांमधल्या फटीत अडकलेलं असतं.

२०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि त्याबरोबर अद्याक्षरांची एक जत्रा आली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. सत्राला साधारण बावीस क्रेडिट. निवृत्त झाल्यामुळे मी यातून सुटलो आणि त्याबद्दल देवाचे आभार मानतो. पण गावातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुलाने नोटीस बोर्डासमोर उभं राहून यातलं आपलं कुठलं आणि आपला तास कुठल्या खोलीत, हे शोधायचं म्हणजे काय होत असेल? पुस्तिकेतल्या एका मुलीने सप्टेंबरपर्यंत एका विषयाचे तासच केले नव्हते. कंटाळा म्हणून नव्हे. तो विषय आपल्याला आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. कॅटलॉगमध्ये तिच्या नावापुढे ‘अ’ भरत होता, आणि ते वाचणाऱ्याला ती टवाळ वाटत होती.

भाषेचं दुखणं जुनं आहे. अकरावी-बारावीला सायन्सचं पुस्तक इंग्रजीत असलं तरी वर्गात समजावणं मराठीतच चालतं, आणि अनेक मुलांनी ती दोन वर्षं क्लासच्या नोट्सवर काढलेली असतात. कॉलेजला फक्त नाव असतं. एफवायला मी फळ्यावर इंग्रजीत सिद्धता लिहायचो आणि तोंडाने मराठी बोलायचो, त्यामुळे भाषेचा प्रश्न माझ्या वर्गात नाही अशी माझी समजूत होती. एकदा एका मुलाने तास संपल्यावर हळूच विचारलं, “सर, ते ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे कोणतं सूत्र?” मी हसलो. वर्गातही हसण्याची लाट उठली, कारण बाहेर पडणारी मुलं दारातच होती. त्या मुलाने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. तो टिकला की गेला हे आज आठवत नाही, आणि न आठवण्याचीच मला जास्त लाज वाटते.

पण माझ्या मते पहिल्या वर्षाचा सगळ्यात मोठा घात होतो तो ‘एटीकेटी’ या चार अक्षरांनी. शाळेत नापास म्हणजे नापास. दहावीला विषय गेला की पोर घरी बसतं, हे गावाला माहीत आहे. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, दोन विषय राहतात, मुलगा घरी सांगतो “दोन विषय गेले”. बाप म्हणतो, “मग आता?” या ‘मग आता’ला उत्तर द्यायला घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नसतं. केटी लागली तरी पुढच्या सत्राला बसता येतं, विषय पुन्हा देता येतो, हे शहरातल्या मुलाला मोठ्या भावाकडून, शेजारच्या ताईकडून जेवता जेवता कळतं. इथे ते कोणीच सांगत नाही. मुलगा ‘मुक्तमधून करतो’ म्हणतो, ‘एक वर्ष गॅप घेतो’ म्हणतो, आणि गॅप मिटत नाही. एफवायच्या स्वागताला फुलं आणि भाषणं नसली तरी चालेल, पण केटी म्हणजे नापास नव्हे हे वाक्य पालकांसमोर एकदा मोठ्याने बोललं जायला हवं.

आणि आमच्या भागात पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी दसरा-दिवाळी येते. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण मागे म्हातारी माणसं, लहान भावंडं, जनावरं राहतात आणि त्यांना सांभाळायला कोणीतरी लागतं. ते कोणीतरी बहुधा एफवायची मुलगी असते. मुलगा असेल तर तोही टोळीबरोबर जातो, कारण अठरा वर्षांच्या अंगाला मजुरी मिळते. विद्यापीठाची पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात. वेळापत्रक ठरवताना कारखान्याच्या गाळपाचा विचार कोणी करत नाही, आणि करावा असं मीही सुचवत नाही. मात्र परीक्षेचे पंधरा दिवस मुलांची राहण्या-जेवणाची सोय कॉलेजाने केली तर किती मुलं परत येऊन पेपर देतील, हे पाहण्यासारखं आहे. पुस्तिकेच्या लेखकांनी एका वर्षी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकून हे केलं. त्याचा वृत्तान्त पाचव्या प्रकरणात आहे. तो मुद्दाम वाचावा, कारण त्यात काय चुकलं तेही लिहिलं आहे.

आता ‘मदत’ या शब्दाकडे येतो. नॅकची फाइल केलेल्या प्रत्येकाला ‘स्लो लर्नर’ आणि ‘अॅडव्हान्स लर्नर’ हे रकाने पाठ आहेत. चाचणी घ्यायची, खालचे दहा-पंधरा निवडायचे, त्यांना रेमेडिअल कोचिंग द्यायचं, सह्या घ्यायच्या, जिओटॅग फोटो लावायचा. मेंटॉर-मेंटी म्हणून यादी लावायची. मी हे सगळं केलं आहे आणि यातल्या कशाने एखादा मुलगा टिकल्याचं मला आठवत नाही. ‘स्लो’ म्हणून निवडलेली मुलं त्या तासाला येतच नसत, आणि मी रागावून म्हणायचो, यांना गरज आहे पण कदर नाही. मुलं कशी येतील? सगळ्या वर्गासमोर नाव वाचून ‘ढ’ ठरवल्यावर त्या खोलीत जाऊन कोण बसेल?

याचं उत्तर मला फार उशिरा, निवृत्तीनंतर, एका परक्या माणसाच्या कामात सापडलं. युरी ट्राइसमन हे गणिताचे शिक्षक. १९७०च्या दशकात ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते आणि तिथे कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. सहकाऱ्यांना विचारलं तर कारणं ठरलेली: जिद्द कमी, पाया कच्चा, घरी शिक्षणाचं वातावरण नाही, पैसा नाही. आपल्या स्टाफरूममध्ये बसून ऐकावीत तशीच. ट्राइसमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी-अमेरिकन विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यामागे राहून पाहिलं. जिद्दीत कमी कोणीच नव्हतं. घरच्यांनीही मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलेलं. फरक होता तो वेगळाच. कृष्णवर्णीय मुलं तासन् तास एकटी अभ्यास करत होती. चिनी मुलं संध्याकाळी एकत्र बसत, जेवत, एकमेकांची गणितं तपासत, ‘हे तुला आलं का’ म्हणून विचारत. एकाला अडलं की त्याला कळे की ते सगळ्यांनाच अडलंय. एकट्याला अडलं की त्याला वाटे, आपली ही जागाच नव्हे. ट्राइसमन यांनी मग गटाने गणितं सोडवण्याची वर्कशॉप सुरू केली. तिथे सोपी नव्हे, मुद्दाम अवघड गणितं ठेवली आणि येणाऱ्यांना कच्चे म्हणून बोलावलं नाही. निकाल बदलले.

हे वाचलं तेव्हा मला माझा एक मुलगा आठवला. पहिल्या इंटर्नलला त्याला चाळीसपैकी अकरा मार्क होते. पेपरवर मी लाल शाईने लिहिलं, ‘मला भेट’. तो आला नाही. पुढे यायचाच बंद झाला. पाच-सहा वर्षांनी बाजारात भेटला, रसवंती चालवत होता, आग्रहाने रस पाजला, पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, अरे, त्या वेळी आला का नाहीस? तर म्हणाला, “सर, मला वाटलं नाव काढून टाकायला बोलावलंय. म्हटलं, त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं.” मला ते दोन शब्द मायेने लिहिल्यासारखे वाटत होते. लाल शाईतला शिक्षकाचा हुकूम कसा वाचला जातो, याचा विचार मी केला नव्हता.

मुलाला एकटं पडू द्यायचं नसतं, हे जुन्या लोकांना कुठलं पुस्तक न वाचताच कळलं होतं. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली, ती फीमाफीची योजना म्हणून नव्हेत. शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुलाला छप्पर लागतं, दोन वेळचं अन्न लागतं, शेजारी आपल्यासारखाच दुसरा मुलगा लागतो आणि रात्री उशिरा आलास तर कुठे होतास म्हणून विचारणारं माणूस लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्या पोरांच्या जेवणाची सोय केली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. मुलगा राबायचा, त्यामुळे मिंधा नव्हता, आणि सगळेच राबायचे, त्यामुळे एकटा नव्हता. पुण्यात १९५५मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तिच्या वसतिगृहांतून बाहेर पडलेली माणसं आज महाराष्ट्रात कुठेही भेटतात. डॉ. आंबेडकरांचं एल्फिन्स्टनमधलं शिक्षण पैशावाचून अडण्याच्या बेताला आलं तेव्हा केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण २५ रुपयांची गोष्ट सांगतो. केळुसकरांच्या त्या फेरीची तेवढी सांगत नाही. पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. दिवसभर राबणाऱ्या मुलाचं घड्याळ त्यांनी कॉलेजाच्या घड्याळाआधी पाहिलं.

आज छप्पर एका खात्याकडे, फी दुसऱ्याकडे, पास एसटीकडे, अभ्यास प्राध्यापकाकडे, आणि ‘कुठे होतास’ कोणाकडेच नाही. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाचा एक कार्यक्रम सुरू केला, तो वाचताना मला सारखं बोर्डिंग आठवत होतं. त्यांनी फीची उरलेली तूट भरली, पुस्तकांना मदत केली, मेट्रोचा पास फुकट दिला, आणि प्रत्येक मुलाला एक सल्लागार दिला ज्याला मुलाने ठरलेल्या वेळी भेटलंच पाहिजे. एकेका सल्लागाराकडे मुलंही मोजकी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून तपासणी झाली. ज्यांना हे सगळं मिळालं त्यांच्यापैकी ४० टक्के मुलांनी दोन वर्षांची पदविका तीन वर्षांत पूर्ण केली. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यापैकी २२ टक्क्यांनी. यातली नुसती एकच गोष्ट दिली असती तर हे झालं नसतं, असं माझं मत आहे. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११पासून आणखी साधं काम केलं. थोड्या बाकीपायी ज्यांचं नाव कमी होणार होतं, त्यांची ती बाकी विद्यापीठानेच भरून टाकली. आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी एखादा शिक्षक हळूच खिशातून नोटा काढतो, तेच काम. फरक इतकाच की तिथे ती संस्थेची रीत झाली, इथे तो अजून एखाद्या सरांचा चांगुलपणा आहे.

आणि ते सर कोण, हेही सांगितलं पाहिजे. आज एफवायचे बहुतेक तास तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले, घेतात. तासाला पैसे मिळणारा माणूस. सुट्टीचे नाहीत, फोन करण्याचे नाहीत, मुलाच्या घरी जाण्याचे तर नाहीतच. तो स्वतःच पुढच्या जूनमध्ये असेल की नाही हे त्याला माहीत नसतं. ज्या मुलाच्या पायाखालची जमीन सरकते आहे त्याला धरायला आपण असा माणूस उभा केला आहे, ज्याच्या स्वतःच्या पायाखाली जमीन नाही. ही पुस्तिका लिहिणाऱ्यांत सीएचबीवाले आहेत. त्यांनी हे स्वतःच्या वेळात केलं आणि पुस्तिकेत याची तक्रार एका ओळीनेही केलेली नाही. म्हणून मी ती इथे करतो. पदं भरल्याशिवाय या कामाचं जे काही होईल ते उसन्या बळावर होईल.

एका गोष्टीत माझा या पुस्तिकेशी मतभेद आहे आणि तो मी लेखकांना सांगून इथे लिहितो आहे. तीन दिवस सलग गैरहजेरी दिसली की पालकांना फोन करावा, असं चौथ्या प्रकरणात सुचवलं आहे. मुलांच्या बाबतीत ठीक. मुलींच्या बाबतीत मी दहादा विचार करीन. ‘तुमची मुलगी तीन दिवस कॉलेजात आली नाही’ हे वाक्य बापाच्या कानावर पडतं तेव्हा त्याच्या मनात काय येतं, हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको. ती खरोखर कुठे होती हे विचारलं जात नाही. आजारी मैत्रिणीबरोबर दवाखान्यात असेल, पाळीमुळे घरून निघूनही गावातल्या मावशीकडे थांबली असेल. पुढच्या आठवड्यात पाहुणे येतात. माझ्या कारकिर्दीत निदान एका मुलीचं शिक्षण ऑफिसातून गेलेल्या अशा एका भल्या हेतूच्या फोनने संपलं. आधी तिच्या मैत्रिणीला विचारा, मग तिला स्वतःला, तेही बाई प्राध्यापकाने. घराला शेवटी. लेखकांनी पुढच्या आवृत्तीत हे बदलायचं कबूल केलं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात आता पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. क्रेडिट बँकेत जमा राहतील, ठरलेल्या मुदतीत परत या, अशी तिची रचना आहे. काहींना ती उपयोगी पडेल. मला भीती वेगळीच वाटते. उद्या कोणी विचारलं की ही मुलं कुठे गेली, तर उत्तर मिळेल, त्यांनी ‘एक्झिट’ घेतली. लाल रेघेला एक सभ्य नाव मिळेल. म्हणून प्रमाणपत्र देताना त्या मुलाला एकदा बसवून विचारावं, तू जातोयस की तुला जावं लागतंय? उत्तर लिहून ठेवावं. हा रकाना पुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या नमुन्यात आहे.

पुस्तिका लहान आहे, दोन बैठकांत वाचून होईल. वाचायला घेण्याआधी एक काम करा. तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात, बहुधा हेडक्लार्कच्या मागच्या कपाटात, न नेलेल्या दाखल्यांची एक फाइल असेल. ती मागून घ्या. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या एफवायचे दाखले वेगळे काढा आणि त्यावरचे गावाचे पत्ते वाचा. एखाद-दुसरं गाव तुमच्या रोजच्या रस्त्यावरच असेल.